डॅन्यूबवर सामान वर घेतलं तेव्हा

आमच्या लेकीनं आम्हांला चार दिवस डॅन्यूब नदीवर बोटीतून फिरवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या ह्यांनी फोनवर विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "नदीचा काठ किती उंच हाय?" लेक जर्मनीत नोकरीला आहे. तिला वाटलं, पप्पांचे गुडघे दुखतात म्हणून ते चढउताराचं विचारताहेत. ती म्हणाली, "पप्पा, काही चढायला नाही लागत, बोटीत लिफ्ट आहे." मला मात्र प्रश्न बरोबर कळला होता. महाडच्या माणसाला नदी म्हटली की ती किती रुंद, किती लांब हे सुचतच नाही. ती किती चढेल, एवढंच सुचतं.

माझा जन्म कापड्याचा, सासर वरंधचं, आणि पोरांना पाढे शिकवण्यात सगळी नोकरी गेली ती पोलादपूर तालुक्यातल्या शाळांत. हे एसटीत ड्रायव्हर. वरंधाचा घाट आणि आंबेनळी, दोन्ही ह्यांनी तीस वर्षं पावसाळ्या-उन्हाळ्यात चालवले. अजून झोपेत ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो असं मी म्हणते, आणि ते नाकारत नाहीत. निवृत्त झाल्यावर आम्ही महाडात राहतो. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे गल्ली. युरोप वगैरे आमच्या यादीत नव्हतं. खरं सांगायचं तर आमची यादीच नव्हती.

पण ह्या सहलीचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पाच वर्षांपूर्वी महाडात मोठा पूर आला. आमच्या खालच्या दोन्ही खोल्या पाण्यात गेल्या आणि आम्ही वर गॅलरीत उभे. सकाळची वेळ होती. समोरच्या बैठ्या घरात एक म्हातारे शिंपी एकटे राहायचे. त्यांची मुलगी पोलादपूरला दिलेली. ते पोटमाळ्यावर चढले होते, आतून कौलं सारून त्यांनी डोकं बाहेर काढलं होतं आणि ते हाका मारत होते, "ड्रायव्हर! ओ ड्रायव्हर!"

दुसऱ्या कुणाला ते हाक मारणारच नाहीत, कारण ह्यांच्यासारखा पोहणारा अख्ख्या आळीत नव्हता. रोज सकाळी सावित्रीत उतरल्याशिवाय ह्यांचा चहा व्हायचा नाही. अर्ध्या आळीची पोरं ह्यांनीच पोहायला शिकवलेली. आणि गल्ली ती केवढी, दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं एवढी. पण त्या दिवशी तिच्यातून गॅसचे सिलिंडर, दुकानांच्या फळ्या, मुळासकट झाडं असं सगळं धावत होतं. हे जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत उतरले, कमरेला दोरी बांधली. मी मागून गेले, त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "नका जाऊ." ते गेले नाहीत.

शिंपी कसेबसे कौलांवर येऊन बसले. दुपारी बोट आली, त्यांना जिवंत उतरवलं. पण त्या पावसात आणि त्या घाणीत इतका वेळ काढलेला म्हातारा माणूस. ताप भरला तो उतरलाच नाही. तीन आठवड्यांनी ते गेले. हे तेव्हाच पाण्यात उतरले असते तर ते वाचले असते का, हे कुणी सांगावं? डॉक्टरही सांगणार नाही. ह्यांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पण पोहणं बंद केलं. नदीच्या अंगाला जाणं बंद केलं. बाजारातून येतानासुद्धा लांबच्या रस्त्यानं येतात. आणि मी पाच वर्षं वाट बघत होते, की कधीतरी भांडताना नाहीतर तापात बडबडताना ते म्हणतील, "तू धरलंस म्हणून." त्याला काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. पण ते म्हणत नव्हते, आणि मला त्याचाच जास्त त्रास होत होता.

तर अशा माणसाला मी डॅन्यूबवर घेऊन गेले.

बोट पासाऊ नावाच्या गावाला लागलेली होती. बोट म्हणजे मी आपली जेट्टीवरची लाँच डोळ्यांपुढे आणली होती, तर ही तीन मजल्यांची पांढरीशुभ्र इमारत पाण्यावर उभी. आत गालिचे, पितळी कठडे, भिंतीवर चित्रं. मी चपला काढायला वाकले, लेकीनं दंडाला धरून उभं केलं. आमची खोली सगळ्यांत खालच्या मजल्यावर, तिची आमच्याच मजल्यावर पण दुसऱ्या टोकाला. खिडकी उंचावर होती आणि खिडकीच्या खाली हातभर अंतरावर पाणी. ह्यांनी खोलीत पाऊल टाकल्याबरोबर ते पाहिलं आणि खिडकीपासून लांबची खाट आपली म्हणून तिच्यावर टोपी ठेवली.

सकाळी न्याहारीला बसलो. काचेच्या मोठ्या भिंतीतून नदी दिसत होती. टेबलावर सात प्रकारचे पाव आणि त्याहून जास्त प्रकारचं चीज, ज्यातल्या एकाचा वास आमच्या सुकटीच्या चटणीच्या तोंडात मारेल असा. सुकटीची चटणी आमच्या बॅगेत होती, पण खोलीत डबी उघडायची नाही अशी मी ह्यांना ताकीद दिली होती. इतक्यात एक गोरी, उंच मुलगी आली. आमच्या मजल्याची व्यवस्था तिच्याकडे होती. तिनं कमरेत वाकून माझ्या ग्लासात पाणी ओतलं आणि तिच्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाली. लेक म्हणाली, "घ्या ना, असं म्हणतेय ती." मी ग्लास हातात घेतला आणि मला माझे आजोबा आठवले. महाडच्या तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी ते कापड्याहून चालत गेले होते. ते पाणी प्यायले म्हणून मी शाळेत गेले, मास्तरीण झाले, माझी लेक इंजिनियर झाली, आणि आता माझ्यापुढे कुणीतरी वाकून म्हणतंय, घ्या ना. डोळ्यांत पाणी आलं ते आलंच. लेकीला वाटलं चीज झोंबलं.

न्याहारी झाल्यावर गाव बघायला उतरलो. पासाऊत तीन नद्या मिळतात. आमच्याकडे सावित्रीला गांधारी मिळते ते मी लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून संगमाचं मला नवल नव्हतं. पण इथे टोकावर जाऊन उभी राहिले आणि बघतच राहिले. एक नदी हिरवट पांढरी, एक मातकट निळी आणि एक जवळजवळ काळी. तिघी एकमेकींत मिसळायला तयार नाहीत. कुणीतरी आखून दिल्यासारख्या तीन पट्ट्यांनी लांबवर शेजारी शेजारी वाहत राहतात. भांडण नाही, धक्काबुक्की नाही. मी तिथे अर्धा तास उभी होते. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही नदीकडे अर्धा तास नुसतं बघत उभी राहिले नव्हते. नदीवर गेले ते धुणं घेऊन, नाहीतर सहलीची पोरं मोजायला.

हे मात्र कठड्यापर्यंत आले नाहीत. मागे बाकावर बसून राहिले. बोटीवर परत येताना वाटेत गावाच्या जुन्या कचेरीची इमारत लागली. तिच्या भिंतीवर आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेशेजारी एक साल लिहिलेलं. लेक म्हणाली, "पप्पा, हे पूर आहेत. त्या त्या साली पाणी कुठपर्यंत आलं होतं ते."

हे थांबले. ह्यांनी जवळ जाऊन सगळ्यांत खालच्या रेघेवर पंजा ठेवला. मग मान वर करत करत एकेक रेघ बघत गेले. महाडात पुराचं माप फुटात सांगत नाहीत. "तुमच्याकडे किती आलं होतं?" असं विचारलं की माणूस म्हणतो गुडघा, कंबर, स्विचबोर्ड, पंखा. हे तसंच मोजत होते. "ह्यो स्विचबोर्ड," ते पुटपुटले, "ह्यो पंखा. आनि ह्यो..." सगळ्यांत वरची रेघ पंख्याच्या कितीतरी वर, जवळजवळ वरच्या मजल्याच्या खिडकीला होती, आणि तिचं साल शेकडो वर्षांपूर्वीचं. मला तर चक्कर आली. एवढं पाणी आलं, आणि हे गाव इथेच आहे, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आहेत, आणि शेजारच्या हॉटेलात माणसं आइस्क्रीम खाताहेत.

"हितं लिवून ठेवतात," हे म्हणाले. "आपल्याकडं रंग काढतात."

खरंच होतं ते. त्या वर्षी दिवाळीच्या आत महाडातल्या प्रत्येकानं भिंतीवरची गाळाची रेघ खरवडून वर नवा रंग काढला होता. आमच्याकडे तर मीच रंगाऱ्याच्या डोक्यावर उभी राहून तीन हात मारून घेतले होते.

बाराच्या सुमाराला बोट सुटली. सुटली हे मला कळलंच नाही. इंजिनाचा आवाज नाही, धक्का नाही. काठावरचं चर्च हळूच मागं सरकायला लागलं तेव्हा लक्षात आलं, की हलतोय ते आपण. वरच्या मोकळ्या डेकवर खुर्च्या मांडलेल्या होत्या, पायांवर घ्यायला घोंगड्या होत्या. दोन्ही बाजूंनी डोंगर, वरपासून थेट पाण्यापर्यंत गर्द झाडी. मधेच एखादं गाव, चार घरं, एक मनोरा. काठाकाठानं सायकलचा रस्ता, त्यावर माझ्यापेक्षा मोठ्या वयाच्या बायका सायकली हाणताहेत. मला काही करायचं नव्हतं. स्वयंपाक नाही, वह्या नाहीत, कुणाचा फोन नाही. पहिली दहा मिनिटं मी हात कुठे ठेवावेत ते न कळून बसले. मग कॉफी आली आणि तोही प्रश्न सोडवून गेली. एवढी शांत, एवढी मोठी नदी माझ्यासमोरून चालली होती आणि तिला माझ्याकडून काहीच नको होतं. मी लेकीला म्हटलं, "हे सगळं रोज असंच असतं का गं?" ती हसली.

हे जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे आडवे व्हायला खाली गेले. वाटलं, बरं झालं, पाणी दिसायला नको.

मग ते दार आलं. दार म्हणजे काय सांगू, नदीवर आडवी बांधलेली भिंत आणि तिच्यात बोटीपुरतं फाटक. लेक म्हणाली, "आई, इथे नदी एकदम खाली उतरते. धरण आहे ना. मग बोट ह्या हौदात घेतात, मागचं दार लावतात आणि हौदातलं पाणी सोडून देतात. पाण्याबरोबर बोट खाली जाते. मग पुढचं दार उघडतात." मला वाटलं थट्टा करतेय. तेवढ्यात बोट आत शिरली. तिची एक कड सिमेंटच्या भिंतीला अगदी लगटून चालली होती, मधे मोजून वीतभर जागा. घाटात समोरून ट्रक आल्यावर हे जशी गाडी काढायचे, तशी त्या कप्तानानं ती इमारतीएवढी बोट कुठेही न घासता आत घातली. ह्यांना उठवून आणावं असं फार वाटलं. पण दुपारच्या झोपेतून उठवलेला ड्रायव्हर मी तीस वर्षं सोसला आहे, म्हणून राहू दिलं.

मागचं दार लागलं. आणि आम्ही उतरायला लागलो. कुठे काही वाजलं नाही, कुणी ओरडलं नाही. नुसत्या भिंती वाढायला लागल्या. आधी त्या माझ्या खुर्चीच्या पातळीला होत्या, मग डोक्याच्या वर, मग दोन पुरुष वर. ओल्या, शेवाळलेल्या, त्यांच्यावरून पाणी गळतंय. गारवा आला. वर फक्त आभाळाची एक लांबट चौकट उरली. एवढ्या मोठ्या बोटीला, शंभराच्या वर माणसांना, त्यांच्या कॉफीच्या कपांसकट, पाण्यानं हातांवर घेऊन अलगद खाली ठेवलं, आणि माझ्या कपातली कॉफी हलली नाही. माझ्या अंगावर काटा आला. माणसानं नदीला हे करायला लावलंय आणि नदीनं ते ऐकलंय. पाण्याचा मी तोवर एकच स्वभाव पाहिला होता.

तेवढ्यात ती सकाळची उंच मुलगी धावत वर आली. लेकीच्या कानाशी काहीतरी बोलली. लेकीचा चेहरा बदलला. "आई, खाली चल. पप्पा."

मी कशी खाली गेले ते मला सांगता येणार नाही. आमच्या मजल्यावरच्या अरुंद वाटेत आमच्या समोरच्या खोलीतले म्हातारे नवरा-बायको उभे होते, दोघांनी नारिंगी जाकिटं गळ्यात घातलेली, म्हाताऱ्यानं तर पट्टे आवळून शिट्टीही तोंडात धरली होती. आमच्या खोलीचं दार सताड उघडं. आणि आत आमचे हे.

ह्यांनी सामान वर घेतलं होतं.

महाडात नदी वाढायला लागली की आळीत पहिली आरोळी उठते ती हीच, सामान वर घ्या. आणि ते कसं घ्यायचं ह्याचा क्रम घराघरांत ठरलेला असतो. आधी कागदपत्रं, मग औषधं, मग तांदूळ, मग कपडे, शेवटी गाद्या. ह्यांनी त्यात तसूभर चूक केली नव्हती. पासपोर्टची पिशवी कपाटाच्या थेट डोक्यावर. तिच्या शेजारी माझ्या बीपीच्या गोळ्या. तांदूळ नव्हते, म्हणून चिवड्याचा डबा आणि ती सुकटीची चटणी. दोन्ही बॅगा माझ्या खाटेवर उभ्या, त्यांच्यावर बूट, बुटांवर माझी चप्पल. स्वतःच्या खाटेवरची गादी त्यांनी गुंडाळली होती, चादरीनं बांधली होती आणि ती खांद्यावर घेऊन ते मधोमध उभे होते, कारण आता तिला वर ठेवायला जागा उरली नव्हती. खिडकीतून फक्त ओली काळी भिंत दिसत होती, वर वर सरकणारी.

झालं होतं ते असं. ह्यांना जाग आली तेव्हा खोलीत अंधार होत चालला होता. खिडकी बघितली तर उजेड वरच्या बाजूला जातोय आणि खालून ओलं काळं चढतंय. पुराच्या दिवशी आमच्या खालच्या खोलीची खिडकी नेमकी अशीच बुजत गेली होती. त्यांनी दुसरा विचार केला नाही. आधी वाटेतल्या सगळ्या दारांवर थापा मारल्या. "वॉटर! वॉटर! अप! अप!" असं ओरडले. एवढ्या मोठ्या, शिस्तीच्या बोटीवर ते कुणाला खरं वाटावं? पण समोरच्या म्हाताऱ्यांना वाटलं. आणि मग हे आत येऊन कामाला लागले.

मला हसू फुटलं. लेकीलाही फुटलं. त्या नारिंगी म्हाताऱ्याच्या तोंडातली शिट्टी फुर्र झाली तेव्हा तर मी भिंतीला टेकून हसले. "अहो," मी म्हटलं, "ठेवा ती गादी खाली. बोट जिना उतरतेय!"

हे हसले नाहीत. गादीही ठेवली नाही. तेव्हा मी ह्यांचे हात बघितले. ज्या हातांनी भर पावसात पंचावन्न माणसांची गाडी घाटातून उतरवली, त्या हातांतून चादरीची गाठ सुटत नव्हती.

माझं हसू जागच्या जागी विरलं. लेक पुढे झाली, तिनं गादी उतरवून घेतली. आणि त्याच वेळी पुढचं दार उघडलं असावं, कारण खिडकीत एकदम ऊन आलं. भिंत सरकून गेली आणि तिच्या जागी नदी, झाडी, लख्ख आभाळ. ह्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग सामानाकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा पडला होता, की मी हसले ह्याची मला आजही लाज वाटते.

ती मुलगी दारात उभी होती. तिनं त्या म्हाताऱ्या जोडप्याची समजूत घातली, जाकिटं काढून घेतली. मग आत येऊन गादी परत खाटेवर पसरली. लेक बॅगा उतरवायला गेली तर तिनं हातानं थांबवलं. लेकीला जे म्हणाली ते लेकीनं मला सांगितलं, "राहू दे तिथेच. त्यांना जेव्हा बरं वाटेल तेव्हा ते स्वतः उतरवतील." आणि माझ्या खाटेवरच्या त्या बॅगांच्या भोवतीनं तिनं घोंगडी नीट चापूनचोपून घातली, जणू त्या बॅगाही प्रवासी आहेत. मी इतकी वर्षं शाळेत पोरांना सांभाळलं, पण एखाद्याची भीती एवढ्या मानानं हाताळलेली मी पाहिली नव्हती.

मी ह्यांना वर घेऊन आले. लेकीला म्हटलं, तू जरा कॉफी पी, आम्ही पुढे बसतो. बोटीच्या अगदी नाकाशी दोन खुर्च्या होत्या. पाच वर्षांत पहिल्यांदा हे पाण्याच्या इतक्या जवळ बसले, ते बहुतेक उठून जायचं त्राण नव्हतं म्हणून. मागे वळून पाहिलं तर ती भिंत उंच उभी होती, आणि आम्ही तिच्यावरून आलो ह्यावर विश्वास बसत नव्हता. ह्यांनी ती पाहिली. त्यांनी मला हौदाचं विचारलं, मी लेकीनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. "बाजूला जागा किती होती?" "वीतभर." "आनि घासली नाय?" "नाही." त्यांनी मान हलवली.

चारच्या सुमाराला नदीनं वळण घेतलं. समोर डोंगर आडवा आला होता. मला वाटलं वाट संपली, आता काय. पण ती अख्खी नदी डोंगराला वळसा घालून, आल्या दिशेनंच परत निघाली. जिथून आलो ते जंगल आता डाव्या हाताला दिसत होतं, आणि अजून आम्ही वळतच होतो.

"आंबेनळीचं वळण हाय ह्यं," हे म्हणाले. त्यांचा उजवा पाय खरंच दाबला गेला होता. एवढं मोठं पाणी, आणि ते असं सबुरीनं वळत होतं. मला वाटलं, हेच बघायला आपण इतक्या लांब आलो.

मग नदीकडेच बघत ते म्हणाले, "तू हसलीस ते बरोबर केलंस गो. हसण्यासारकंच हाय. पोहनारा मानूस."

"अहो, तसं नाही..."

"ऐक. त्या दिवशी शिंपीमामा बोलावत होता."

पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता येणार होतं. ठरवून ठेवलेलं उत्तर शोधायला गेले तर ते सापडेना. मी स्वतःच म्हणून टाकलं, "माहीत आहे मला. मी धरलं म्हणून तुम्ही गेला नाहीत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरोखर न कळून पाहिलं. "तू?" ते म्हणाले. "तू धरलंस, खरं हाय. पन मामा दुसऱ्यांदा ओरडला तवा तू सोडलंस. मला म्हनालीस, बघा, जमतंय का."

मला ते आठवत नाही. आज लिहिताना आठवून बघते, तरी आठवत नाही. पण हा माणूस खोटं बोलत नाही, हे मी जन्मभर पाहिलं आहे.

"मग?" मी विचारलं. "मग हात?"

"तू सोडलंस तवा मी तुला धरलं. तुझा हात मी धरून ठेवला. खालची पायरी माझ्यानं उतरवंना. मला पोहता येतंय ना, मला म्हायती होतं ते पानी कसलं हाय. दोरी बांधली होती ती मामाला दिसावी म्हनून." ते थांबले. "पाच वर्सं वाट बघतोय. आता म्हनशील, मग म्हनशील, की मी सोडलं होतं आनि तुम्ही घाबरलात."

नदी वळतच होती. एका घरात दोन माणसं, एकाच ताटलीत जेवलेली, आणि दोघं एकमेकांच्या तोंडून तेच ऐकायची वाट बघत पाच वर्षं बसली. मी रडले, आणि रडत रडतच म्हणाले, "बरं झालं घाबरलात. ऐकताय ना? बरं झालं. तुम्ही उतरला असता तर आज मी इथे कुणाबरोबर बसले असते?"

त्यांनी नाक ओढलं. म्हणाले, "घरी गेल्यावर पोलादपूरला जायचं. मामाच्या लेकीकडं."

"तिला काय सांगणार?"

"जे झालं ते. की तुझा बाप मला हाक मारत होता, आनि मी घाबरलो."

"ती दारातून हाकलून देईल."

"देऊ दे. तिचा हक्क हाय."

"मी येते बरोबर," मी म्हणाले.